कंपनी चोवीस तास सुरू आहे

माझ्यावर तोतयेगिरीचा आरोप झाला तेव्हा, खरं सांगतो, पहिली काही मिनिटं मला बरं वाटलं. उभ्या आयुष्यात मला कुणी माझ्यापेक्षा मोठं समजलं नव्हतं. नातेवाईक सोडाच, रेशनच्या दुकानातल्या माणसानंसुद्धा नाही. आणि इथे एका वकिलाच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की मी स्वतःला एक अख्खी कंपनी म्हणवतो. पाचावर धारण बसली ती नंतर, पत्र दुसऱ्यांदा वाचताना.

ती कंपनी पिंपरीत होती. 'होती' हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दाकडे कानाडोळा केल्यामुळे घडलं. गेटला टाळं लागून बरीच वर्षं झाली. आता त्या जागेवर उंच इमारती आहेत, आणि जिथे पत्रे कापले जायचे तिथे लोक पैसे भरून घाम गाळायला येतात. मी तिथे टाइम ऑफिसला होतो. म्हणजे कोण किती वाजता आला, कोणाला लेटमार्क, कोणाची रजा, एवढंच बघायचं. इतकी वर्षं कारखान्यात काढली, पण एका मशीनला कधी बोट लावलं नाही. शॉपमधले, म्हणजे मशीनवरचे, लोक आम्हाला 'पंख्याखालचे' म्हणायचे. ते आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटायचं, आणि कळलं तरी आम्ही पंख्याखालून उठायचो नाही. कंपनी बंद पडल्यावर चाकणला एका छोट्या कारखान्यात पुन्हा हजेरीच लिहिली, आणि मग रिटायर होऊन काळेवाडीतल्या घरी येऊन बसलो. तिथे माझी हजेरी बायको घेते.

रिकाम्या माणसाच्या हाती मोबाईल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. जुन्या लोकांना एकत्र आणावं म्हणून मी फेसबुकवर कंपनीचं पान काढायला बसलो. सुरुवातीलाच त्यानं विचारलं, तुम्ही व्यक्ती की संस्था? व्यक्ती म्हणून आयुष्यात काय हाती लागलं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी संस्थेवर बोट ठेवलं. मग नाव मागितलं, ते कंपनीचं दिलं. नुसतं कंपनीचं. पुढेमागे 'माजी कामगार' वगैरे शेपूट लावावं हे सुचलंच नाही, किंवा सुचलं असेल तर ते मला शोभेचं वाटलं नाही. बोधचिन्ह हवं होतं. एका दिवाळीला कंपनीनं सगळ्यांना स्टीलचा डबा दिला होता, त्याच्या झाकणावरचं चिन्ह मोबाईलनं टिपलं. नीट बघितलं तर त्या चिन्हामागे, चकचकीत झाकणात, मोबाईल धरलेला माझा चेहरा आडवा पसरलेला दिसायचा. शेवटी त्यानं कामाची वेळ विचारली. आम्ही टाइम ऑफिसवाले, वेळ विचारल्यावर गप्प कसे बसू? मी पहिली पाळी लिहिली, दुसरी लिहिली, तिसरीही लिहिली. पानानं त्याचा हिशेब करून हिरव्या अक्षरांत जाहीर केलं: चोवीस तास सुरू.

ते वाचून माझी छाती भरून आली. मालकाला जमलं नाही ते मी अर्ध्या तासात करून दाखवलं होतं.

लोक यायला लागले. कुणी निगडीतून, कुणी रहाटणीतून, कुणी गावाकडे परत गेलेला. कुणी कँटीनचा फोटो टाकला, कुणी खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनचा. कंपनी चालू असताना ज्यांनी तिथल्या आमटीला रोज शिव्या घातल्या, ते आता 'तशी आमटी पुन्हा नाही' असं लिहू लागले. मेलेल्या म्हशीला मणभर दूध. आणि या सगळ्यांना उत्तर कोण देणार? मी. एखाद्याच्या घरी नातू झाला की मी लिहायचो, 'आम्हांस हे वृत्त ऐकून अत्यानंद झाला.' कुणी वारला की 'आमची अपरिमित हानी झाली आहे.' एकदा हा 'आम्ही' बोटांत शिरला की तो बाहेर निघत नाही. भाजी आणायला सांगितल्यावर मी बायकोला एकदा 'आम्ही विचार करून कळवू' म्हणालो. त्या दिवशी भाजी तिनं आणली आणि जेवताना माझ्याकडे बघून म्हणाली, "कंपनीनं आमटी वाढून घ्यावी, कामगार दमलेत."

नोकरी मागणारेही यायला लागले. मराठवाड्यातून, खानदेशातून पोरं लिहायची, सर भरती आहे का, आयटीआय झालंय, कुठलंही काम करीन. त्यांना मी फार सभ्यपणे लिहायचो, 'सध्या आमच्याकडे भरती नाही. चाकण भागात चौकशी करावी. शुभेच्छा.' यात खोटं एक अक्षर नव्हतं. भरती खरंच नव्हती. माझ्या प्रामाणिकपणाचं मलाच कौतुक वाटायचं.

आणि मग ते पत्र आलं, ईमेलनं. झालं होतं असं, की कंपनी विकली तेव्हा तिचं नावही वेगळं विकलं गेलं होतं. नाव विकता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आमचं नाव कुणी घेणार असेल असंही कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या राज्यातली मंडळी त्या नावानं गिझर विकत होती. त्यांच्या वकिलानं लिहिलं होतं की तुम्ही आमच्या अशिलाच्या नावाचा वापर करून तोतयेगिरी करत आहात, हा गुन्हा आहे, पान ताबडतोब बंद करा, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कारवाई होईल. फौजदारी या शब्दाशी माझी ही पहिलीच गाठ. मी बायकोला पत्र वाचून दाखवलं. ती गवार मोडत होती. मोडता मोडताच म्हणाली, "डबा येरवड्याला पाठवायचा का? काळेवाडीहून बस बदलावी लागंल."

माझी पुतणी वकील आहे. पिंपरीच्या कोर्टात जाते, रहाटणीत राहते, आणि लहानपणी माझ्याच खांद्यावर बसून जत्रेला गेलेली असल्यामुळे तिला माझा धाक अजिबात नाही. संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. पत्र पुढे ठेवलं. तिनं ते वाचलं, मग मोबाईलवर माझं पान उघडलं, आणि त्या चिन्हातला माझा आडवा चेहरा दिसल्यावर बराच वेळ हसत राहिली.

"आत टाकतील का गं?" मी विचारलं.

"काका, नाव वापरलं म्हणून कुणी आत टाकत नाही," ती म्हणाली. "लोक संस्थांची नावं रोज घेतात. कुणी कौतुक करायला घेतं, कुणी शिव्या घालायला, कुणी जुन्या आठवणी काढायला. ती सगळी तोतयेगिरी धरली तर कोर्टात उभं राहायला जागा उरणार नाही."

"मग गुन्हा कधी होतो?"

"मीच ती कंपनी, असं भासवून तुम्ही कुणाला फसवलंत तर. फसून त्यानं पैसे दिले, काही भलतं केलं, त्याचं नुकसान झालं, तर. नुसतं नाव बघत नाहीत, हेतू बघतात आणि परिणाम बघतात. बोधचिन्हाचं वेगळं आहे, ते त्यांच्या मालकीचं असेल तर काढून टाका. नावापुढे 'माजी कामगार' लावा आणि खाली लिहा की हे पान अधिकृत नाही. मी त्यांना तसं उत्तर देते. ते एवढ्यावर थांबतील."

मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच शहाणपणा करायला लागलो. आयत्या बिळावर नागोबा तेच आहेत, घाम आमचा आणि नाव त्यांचं, वगैरे वगैरे. तिनं मला मध्येच थांबवलं.

"एक खरं सांगा. कुणी तुम्हाला खरोखर कंपनी समजलं का?"

"छे गं. भरती विचारणारी पोरं सोडली तर कुणी नाही," मी म्हणालो. जरा खट्टू होऊनच म्हणालो.

वकिलाला आपल्या पक्षकारावर विश्वास नसतो, काकावर तर मुळीच नसतो. तिनं पानाचे निरोप उघडले. मला माहीत असलेल्या निरोपांच्या मागे आणखी एक कप्पा होता, अनोळखी लोकांचे निरोप त्यात जाऊन पडतात. तो मी कधी उघडलाच नव्हता. चोवीस तास सुरू असलेल्या कंपनीचं हे टपालखातं. तिनं तो उघडला, वाचू लागली, आणि तिचं हसू गेलं. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला.

एका बाईंनी लिहिलं होतं. साहेब, माझे वडील तुमच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर, होते. त्यांचं आता विसरण्याचं दुखणं आहे. रोज पहाटे उठून आंघोळ करतात, बॅग भरायला लावतात आणि काळेवाडीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे राहतात. कंपनी बंद झाली म्हणून आम्ही खूप सांगितलं. माझ्या मुलीनं त्यांना पटवायला मोबाईलवर कंपनीचं नाव शोधलं, तर तिथे कंपनी चालू आहे असं आलं. आता ते आमचं काहीच ऐकत नाहीत. म्हणतात मोबाईल खोटं बोलेल का. मागच्या आठवड्यात चालत हायवे ओलांडून गेले, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. तुम्ही कंपनीतर्फे त्यांना एकदा सांगा. ते फक्त कंपनीचं ऐकतील.

मी ते तिथेच दोनदा वाचलं. हेतू बघतात आणि परिणाम बघतात, असं पुतणी आत्ताच म्हणाली होती. माझा हेतू म्हणजे टाइम ऑफिसची हौस, आणि परिणाम ट्रकपुढे जाऊन उभा राहिला होता. मला माझीच शिसारी आली. तीन पाळ्या लिहिताना केवढी छाती भरून आली होती.

पुतणीसमोरच मी पानावरची वेळ काढून बंदच्या खुणेवर बोट ठेवलं, चिन्ह काढलं, नाव बदललं. तिथे आता 'कायमचे बंद' असं येऊ लागलं. कंपनीला दुसऱ्यांदा टाळं लागलं, आणि या वेळी माझ्या हातानं, म्हणा ना. मग निरोपाखालच्या नंबरवर त्या बाईंना फोन लावला. मी कंपनी नाही, टाइम ऑफिसमधला एक रिटायर माणूस आहे, हे सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं. पान आता बंद दाखवतंय म्हटल्यावर त्यांनी मुलीला ते उघडायला लावलं आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "काका, नातीनं आत्ताच त्यांना दाखवलं की आता बंद लिहून येतंय. ते म्हणाले, मोबाईल बिघडला."

फोन ठेवल्यावर मी पुतणीला विचारलं, "मी जाऊन सांगितलं तर? कंपनीतर्फे? ती होईल का तोतयेगिरी?"

"हो," ती म्हणाली. "अगदी शुद्ध." मग उठून माझ्यासाठी चहा ठेवायला गेली आणि आतून म्हणाली, "पण हे मला वकील म्हणून विचारू नका. उद्या पहाटे जा."

कंपनी दिसते कशी, या प्रश्नात माझी रात्र गेली. शेवटी इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि पायात लग्नकार्याचे बूट अशी मी कंपनी सजवली. भाषणही पाठ केलं. निरोप समारंभात आमचे साहेब करायचे त्याच चालीवर. आपल्या प्रदीर्घ आणि निष्ठापूर्ण सेवेबद्दल व्यवस्थापन आपले ऋणी असून, आपणांस सेवानिवृत्त घोषित करताना, वगैरे. आरशापुढे म्हणताना ते फार भारदस्त वाटलं.

चौकात पोहोचलो तेव्हा उजाडत होतं. पोह्यांच्या गाडीवर वाफ निघत होती आणि कानात वायरी घातलेली पोरं पाठीला बॅगा लावून चाकणच्या बसची वाट बघत होती. त्यांच्यात ते उभे होते. शर्टाची सगळी बटणं लावलेली, भांग पाडलेला, खांद्याला डब्याची बॅग. जरा मागे औषधाच्या दुकानाच्या बंद शटरपाशी अंगाभोवती ओढणी घट्ट गुंडाळून त्यांची लेक उभी होती. रात्री फोनवर ठरलं होतं तसं तिनं मला मान हलवून खूण केली. एक बस आली, पोरं चढली, ड्रायव्हरनं म्हाताऱ्याकडे बघून हॉर्न दिला. त्यांनी हात हलवून ती पुढे घालवली.

मी जवळ गेलो. "नमस्कार. मी कंपनीतून आलोय."

ते एकदम ताठ उभे राहिले. "नमस्कार साहेब. आज गाडी लेट हाय आपली. ती गेली ती आपली न्हाई."

मी भाषण सुरू केलं. 'प्रदीर्घ'पर्यंत आवाज बरा होता, 'निष्ठापूर्ण'ला मी अडखळलो. ते मान देऊन सगळं ऐकत राहिले, साहेब बोलत असताना ऐकायचं असतं म्हणून. माझं संपल्यावर परत रस्त्याकडे बघू लागले.

"म्हणजे तुम्ही रिटायर झालात, बाबा," मी साध्या शब्दांत सांगितलं. "कंपनी सांगतेय. आता घरी जायचं."

"व्हय, झालो असंल."

"मग चला की."

"असं कसं, साहेब?" त्यांना माझी कीव आलेली दिसली. "मशीन चालू टाकून आलोय मी. रिलीव्हर आला न्हाई अजून. त्याच्याबिगर मशीन कसं सोडायचं?"

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन मशीनपाशी उभा राहिल्याशिवाय आधीच्यानं जागा सोडायची नाही, हा प्रेस शॉपचा कायदाच होता. तो आला नाही तर पुढची पाळीही यानंच करायची. मी टाइम ऑफिसला बसून ते नुसतं टिपून घ्यायचो. आणि मला आठवलं, कंपनी बंद केली त्या दिवशी पहिल्या पाळीच्या लोकांना काम अर्धवट सोडायला लावून बाहेर काढलं होतं, आणि दुसऱ्या पाळीला गेटवरच अडवलं होतं. आम्ही पंख्याखाली बसून खिडकीतून बघत होतो. या माणसाचा रिलीव्हर आलाच नव्हता. मधली सगळी वर्षं गळून पडली होती आणि तेवढं एक त्यांच्यापाशी उरलं होतं. कंपनीनं त्यांना काय सांगितलं असतं तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण कंपनीकडे याचं उत्तर तेव्हाही नव्हतं.

मला भरून आलं. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मी आलोय," मी म्हणालो. "मीच रिलीव्हर. जरा उशीर झाला मला."

कायद्यानं विचारलं असतं तर त्या क्षणी मी पुरा तोतया होतो. कंपनीचा माणूस बनलो होतो तोवर ठीक, निदान तिथली हजेरी तरी लिहिली होती. प्रेस ऑपरेटर व्हायची माझी कुठलीच लायकी नव्हती, आणि तो वेष घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या वकिलाच्या पत्रानंही वाटली नव्हती.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. लग्नाचे बूट पाहिले, खिशाचं पेन पाहिलं. मग माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि उलटापालटा करून बघितला. त्यांच्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापर्यंतच होती. माझी सगळी होती, मऊ आणि शाबूत.

"डाय गरम हाय," ते मशीनच्या साच्याबद्दल हळू आवाजात सांगू लागले, कामावरचा माणूस कामावरच्या माणसाला सांगतो तसं. "पॅडलवर पाय ठिवून बसायचं न्हाई, प्रेस खाली येतुय. ध्यान दुसरीकडं गेलं की पाय काढायचा. पत्रा अडकला तर चिमट्यानं वढायचा. सुपरवायजर घाई करतुय, करू द्यायची."

"हो," मी म्हणत राहिलो. "हो. बघतो."

त्यांचं सांगून झालं. त्यांनी खांद्याची बॅग उतरवली तशी लेक पुढे आली आणि तिनं ती घेतली. ते तिच्याबरोबर घराकडे निघाले. चार पावलं जाऊन थांबले आणि मागे वळून त्यांनी पुन्हा एकदा माझ्या हातांकडे बघितलं.

"नवीन दिसताय, भाऊ," ते म्हणाले. "हात सांभाळा."